नातीच्या नावापुढची दोन अक्षरं

प्रिय डॉक्टर,

मी अडुसष्ट वर्षांची आहे, साताऱ्यात राहते. लेक आणि जावई बावीस वर्षं अमेरिकेत, ओहायोत असतात. नात लहानपणापासून डॉक्टर व्हायचं म्हणायची. दोन वर्षं खटपट केल्यावर यंदा तिला प्रवेश मिळाला, पण तो ‘ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’च्या कॉलेजात. चार वर्षांनी एमडी, म्हणजे तिथली डॉक्टरकीची नेहमीची पदवी, नाही, तर डीओ अशी पदवी मिळणार आहे. गेल्या महिन्यात घरी सत्यनारायण होता, सगळे जमले होते आणि नात व्हिडिओ कॉलवर होती. माझे दीर पुण्यातले नावाजलेले सर्जन होते. ते म्हणाले, “म्हणजे एवढा पैसा ओतून शेवटी हाडवैद्यच होणार का?” सगळे हसले. नातीला मराठी उत्तम कळतं. तिनं कॉल बंद केला, आणि तेव्हापासून माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोललेली नाही.

तिच्या शिक्षणासाठी मी यजमानांच्या फंडातली काही रक्कम ठेवून ठेवली आहे. ती द्यावी, की आणखी एक वर्ष थांबून एमडीसाठी प्रयत्न कर असं तिला सांगावं? आणि माझी स्वतःची एक शंका. दोन वर्षं कंबर दुखते आहे, तपासणीत हाडं ठिसूळ झाल्याचं निघालं. घराजवळ ‘ऑस्टिओपॅथी: कंबर, मान, मायग्रेन, बाळांचं रडणं’ अशी पाटी लागली आहे. नात शिकणार ते हेच का? मी जाऊ का?

– एक आजी, सातारा

ताई,

दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, मग बाकीचं बोलू. तुमची नात डॉक्टर होणार आहे, अगदी पूर्ण डॉक्टर. डीओ झालेली व्यक्ती अमेरिकेच्या ५० च्या ५० राज्यांत एमडीच्या बरोबरीनं काम करते. औषधं लिहून देते, शस्त्रक्रिया करते, बाळंतपणं करते, अतिदक्षता विभाग सांभाळते. आणि घराजवळच्या पाटीचं म्हणाल, तर तिथं आत्ता जाऊ नका. नात शिकणार आहे ते वेगळं आणि पाटीवरचं वेगळं. शब्द तेवढा एक आहे, आणि तुमच्या घरातला सगळा घोळ त्या एका शब्दानं घातलाय.

दीरांवर रागावण्याआधी मात्र एक कबूल करायला हवं. त्यांच्या तोंडी आलेला शब्द अगदीच निराधार नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी ज्या माणसानं ही विद्या सुरू केली, तो मिसुरी राज्यात गावोगाव फिरताना ‘विजेच्या वेगानं हाडं बसवणारा’ अशी स्वतःची ओळख करून देत असे. म्हणजे सुरुवात हाडवैद्यकीनंच झाली. पण तिथून आजच्या डीओपर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे, आणि तो तुम्हाला ठाऊक असावा असं मला वाटतं. नात पहिल्याच वर्षी तो शिकेल. आजीला तो आधीच माहीत असला तर तिला किती बरं वाटेल!

अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म १८२८ चा, व्हर्जिनियातला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते आणि डॉक्टरकीही करायचे. कुटुंब सरकत सरकत पश्चिमेकडे कॅन्ससपर्यंत गेलं. त्या काळी तिकडे वैद्यकी शिकायची म्हणजे कुणा जाणत्याच्या हाताखाली राहायचं. स्टिलही वडिलांबरोबर फिरून शिकले. शरीररचना शिकण्यासाठी त्यांनी आदिवासींची थडगी उकरून प्रेतं बाहेर काढली, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय. वाचताना मला ते फार लागलं. ज्यांची माणसं होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आधुनिक वैद्यकाच्या इतिहासात अशी पानं बरीच आहेत, आणि ती उलटून पुढं जाऊ नये.

त्या वेळची औषधं कशी होती, हे समजल्याशिवाय स्टिल यांचा हट्ट समजत नाही. कॅलोमेल हे पाऱ्याचं औषध सर्रास दिलं जाई. तोंडाला लाळ सुटेपर्यंत, हिरड्या सुजेपर्यंत ते चालू ठेवायचं, दात हलायला लागले तरी थांबायचं नाही. त्याच्या जोडीला जुलाब, उलट्या, शीर उघडून रक्त काढणं. दुखलं की अफू, अंगात ताकद नसली की व्हिस्की. जंतूंमुळे आजार होतो ही कल्पना अजून रुजायची होती. अशा वेळी पुष्कळदा उपचार न मिळालेला रोगी उपचार मिळालेल्यापेक्षा सुखी असे.

स्टिल यांची पहिली बायको १८५९ मध्ये बाळंतपणानंतर गेली. मग अमेरिकेचं यादवी युद्ध झालं, ते उत्तरेच्या बाजूनं लढले. आणि १८६४ मध्ये मेनिंजायटिसनं त्यांच्या घरातली तीन मुलं एकापाठोपाठ नेली. डॉक्टर आले, त्यांना जे ठाऊक होतं ते सगळं त्यांनी केलं. स्वतः वैद्यकी करणारा बाप उशाशी बसून राहिला. ताई, माझ्या तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी अशा घरांत उभी राहिलेली आहे. पोर गमावलेला माणूस कधी देवावर रुसतो, कधी औषधावर. स्टिल औषधावर रुसले, आणि पुढची दहा वर्षं औषधाशिवाय शरीर बरं कसं होईल याच्यामागे लागले.

त्यांच्या लहानपणची एक आठवण आहे. दहाएक वर्षांचे असताना त्यांचं डोकं फार दुखत होतं. दोन झाडांच्या मध्ये दोरीचा झोपाळा बांधलेला होता. तो त्यांनी जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला, दोरीवर घोंगडीचं टोक टाकलं आणि मान त्यावर टेकून आडवे झाले. झोप लागली, जागे झाले तेव्हा डोकं उतरलेलं होतं. पुढं डोकं दुखलं की ते हेच करत. कवटीच्या तळाशी, मानेच्या स्नायूंवर दाब दिला की काही जातीची डोकेदुखी उतरते, हे आज कुठलाही फिजिओथेरपिस्ट सांगेल. स्टिल यांनी मात्र या धाग्यावर अख्खा सिद्धांत विणला. शरीराची रचना बिघडली की रक्ताभिसरण आणि नसांचं काम अडतं, तिथून आजार सुरू होतो. हातानं रचना जागेवर आणली की शरीर स्वतःला बरं करतं. २२ जून १८७४ ही तारीख ते या विद्येचा जन्मदिवस मानत. हाड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी पुढं तिचं नाव ऑस्टिओपॅथी ठेवलं.

कॅन्ससमधल्या बेकर विद्यापीठासाठी स्टिल कुटुंबानं जमीन दिली होती. तिथं आपलं म्हणणं मांडू द्या, असं त्यांनी विचारलं. नकार मिळाला. गावानं पाठ फिरवली, आणि ते मिसुरीतल्या कर्क्सव्हिल या लहानशा गावी गेले. हाडं बसवत फिरण्याचे दिवस याच काळातले. हळूहळू नाव झालं. आगगाडीनं रोगी येऊ लागले, त्यांच्यासाठी गावात हॉटेलं उभी राहिली.

मला या गोष्टीतला सगळ्यात आवडतो तो भाग १८९२ चा. त्या वर्षी स्टिल यांनी कर्क्सव्हिलमध्ये आपली शाळा सुरू केली, लाकडाच्या एका छोट्या घरात. ते घर अजून तिथल्या संग्रहालयात जपून ठेवलंय. पहिल्या तुकडीत बायका होत्या! अमेरिकेतली कितीतरी वैद्यकीय महाविद्यालयं बायकांना दारातही उभं करत नव्हती, तेव्हा. आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियाच्या खास स्त्रियांच्या कॉलेजात जावं लागलं, त्याला जेमतेम दहा वर्षं झाली होती. शरीररचना शिकवायला एडिंबरात शिकलेले डॉक्टर विल्यम स्मिथ होते. संस्थेच्या सनदेप्रमाणे एमडी पदवी देता आली असती. स्टिल यांनी मुद्दाम ती दिली नाही. आपली वाट वेगळी, म्हणून पदवीही वेगळी: डीओ. तुमच्या नातीच्या नावापुढं येणारी दोन अक्षरं ही अशी आली. एमडी जमलं नाही म्हणून कुणी ती घेतलेली नाहीत. एमडी द्यायची मुभा असताना ती निवडलेली आहेत.

आता स्टिल यांचं चुकलं कुठं, तेही सांगायला हवं. औषध म्हटलं की ते नाकारत. पाऱ्याच्या बाबतीत ते बरोबर होते, पण ज्या वर्षांत ते शिकवत होते त्याच वर्षांत जंतुशास्त्र उभं राहत होतं. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवला. घटसर्पावरची लस-औषधं, मग सल्फा, मग पेनिसिलिन हे सगळं पुढं आलं. मणके कितीही नीट बसवले तरी घटसर्प त्यानं बरा होत नाही. स्टिल १९१७ मध्ये वारले. त्यांच्या मागे राहिलेल्यांना ठरवायचं होतं की गुरूचा शब्द धरायचा की रोग्याचा जीव. त्यांनी रोग्याचा जीव धरला. त्यांच्या शिष्यपरंपरेविषयी मला आदर वाटतो तो याच कारणानं. त्यांच्याच शिष्यांपैकी काहींनी शस्त्रक्रिया आणि भूल लवकरच स्वीकारली होती. १९२० चं दशक संपेपर्यंत औषधशास्त्रही त्यांच्या कॉलेजांत शिकवलं जाऊ लागलं.

हे सहज घडलं नाही. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्स्नर यांनी अमेरिका-कॅनडातली वैद्यकीय कॉलेजं हिंडून अहवाल लिहिला. त्यात ऑस्टिओपॅथीच्या आठ कॉलेजांची त्यांनी पार सालटी काढली. प्रयोगशाळा नाहीत, रुग्ण नाहीत, फीवर डोळा. कटू असलं तरी त्यात बरंच खरं होतं, आणि कॉलेजांनी हळूहळू स्वतःला सुधारलं. दुसरीकडे अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही एमडींची संघटना कित्येक दशकं त्यांना ‘पंथ’ म्हणत राहिली. एमडीनं डीओशी व्यावसायिक संबंध ठेवणं तिच्या लेखी अनैतिक होतं. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय दलानं डीओंना घेतलं नाही. परिणाम उलटाच झाला. गावोगावचे एमडी आघाडीवर गेले, आणि मागे राहिलेल्या लोकांना डीओच मिळाले. ज्यांनी आयुष्यात कधी ऑस्टिओपॅथचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांची मुलं डीओंच्या हातून जन्मली. लोकांचा विश्वास तिथं बसला.

मग आलं १९६२ चं कॅलिफोर्निया. तिथं एमडी आणि डीओंच्या संघटनांत समझोता झाला. राज्यातलं ऑस्टिओपॅथिक कॉलेज एमडीचं कॉलेज झालं, आणि डीओंना सांगितलं की ६५ डॉलर भरा, एमडी लावा. सुमारे दोन हजार जणांनी ते घेतलं. बारीक विचार केला तर कळतं की यात गंमत काय होती. काल ज्यांना ‘पंथवाले’ म्हणून हिणवलं, ते आज ६५ डॉलरात एमडी कसे झाले? शिक्षण तर तेच होतं. माणसंही तीच. बाकीच्या राज्यांतल्या डीओंनी त्यावरून ओळखलं की फरक ज्ञानाचा उरलेला नाही, आणि त्यांनी आपली ओळख विकायची नाही असं ठरवलं. १९६६ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी सैन्यदलांची दारं त्यांना उघडली. १९६९ मध्ये मिशिगन राज्यानं सरकारी विद्यापीठात डीओचं कॉलेज आणलं. १९७३ मध्ये मिसिसिपीनं पूर्ण परवाना देऊ केला, ते शेवटचं राज्य. आणि २०२० पासून एमडी आणि डीओंच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाला एकाच संस्थेची मान्यता आहे. म्हणजे रेसिडेन्सी करताना दोघं एकाच वॉर्डात, एकाच वरिष्ठाच्या हाताखाली रात्रपाळ्या करतात.

आज अमेरिकेत डॉक्टरकी शिकणाऱ्या दर चार मुलांपैकी एकाहून जास्त मूल डीओच्या कॉलेजात आहे. अशी कॉलेजं चाळीसहून अधिक झाली आहेत. डीओ झालेल्यांतले निम्म्याहून जास्त जण फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन आणि बालरोग या मूळच्या, दारात पहिला रोगी घेणाऱ्या शाखांत काम करतात. डॉक्टर मिळत नाही अशा खेड्यापाड्यांत आणि गरीब वस्त्यांत ते मोठ्या संख्येनं आहेत. दुसऱ्या टोकाला पाहा: राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत २०२० मध्ये त्यांना कोविड झाला, तेव्हा त्यांची प्रकृती जगाला सांगणारे शॉन कॉनली डीओ. त्यांच्यानंतर जो बायडन यांचे डॉक्टर केव्हिन ओ’कॉनर, तेही डीओ. तुमच्या दीरांना हे जरूर सांगा. सर्जन माणूस आहे, त्यांना पटेल.

मग फरक उरला तरी काय? अभ्यासक्रमात शरीररचना, औषधं, शल्यक्रिया, सगळं तेच. त्याशिवाय डीओच्या विद्यार्थ्याला हातांनी तपासण्याचं आणि उपचार करण्याचं सुमारे २०० तासांचं वेगळं शिक्षण मिळतं. पहिल्या दोन वर्षांत मुलं टेबलावर एकमेकांना झोपवून शिकतात. बोटांखाली स्नायू कुठं ताठ आहे, बरगडी श्वासाबरोबर हलते की नाही, माकडहाडापाशी दोन्ही बाजू सारख्या आहेत का. प्रत्यक्षात डॉक्टर झाल्यावर बहुतेक डीओ हे उपचार क्वचितच करतात, वेळ नसतो आणि पुष्कळांची शाखाही वेगळी असते. पण शिकलेला हात विसरत नाही, असं मला वाटतं. आपल्याकडे पोटदुखीचा रोगी पोटाला हात न लावता सोनोग्राफीची चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो. मीही घाईच्या दिवसांत अशा चिठ्ठ्या लिहिल्या आहेत आणि त्यातल्या एकदोन अजून टोचतात. ज्या कॉलेजात मुलीला आधी हात ठेवायला शिकवतात, तिथं नात चालली आहे याचा मला मनापासून आनंद आहे.

या हाताच्या उपचारांनी होतं काय, तेही खरं खरं सांगते. कंबरदुखीवर सगळ्यात जास्त अभ्यास झालाय. १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक प्रयोग छापून आला. दीडशेवर कंबरदुखीचे रोगी, अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना ऑस्टिओपॅथीचे हाताचे उपचार. बारा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले, पण हाताचे उपचार घेणाऱ्यांना औषधं कमी लागली. २०२१ मध्ये फ्रान्समध्ये ४०० जणांवर अधिक काटेकोर प्रयोग झाला, त्यात निम्म्यांना नुसताच हलका स्पर्श करून उपचार केल्याचं भासवलं होतं. खऱ्या उपचारांचा फायदा दिसला, पण इतका थोडा की रोग्याला जाणवेल की नाही अशी शंका यावी. माझं मत असं: साध्या कंबरदुखीत जाणत्या हाताचा थोडा उपयोग आहे, गोळ्या कमी होत असतील तर तोही फायदाच. पण दमा, मधुमेह, बाळाचं रडणं यांवर मणके हलवून इलाज होतो, असं कुणी म्हणालं तर उठून यावं. कवटीची हाडं हलक्या हातानं ‘जुळवून’ आजार बरे करण्याची एक शाखा याच विद्येतून निघाली आहे. तिला मला पटेल असा पुरावा मिळालेला नाही. डीओंमध्येही पुष्कळजण ती मानत नाहीत.

आता तुमच्या घराजवळची पाटी. ऑस्टिओपॅथी अमेरिकेबाहेर गेली ती स्टिल यांच्या शिष्यांबरोबर. जॉन मार्टिन लिटलजॉन यांनी १९१७ मध्ये लंडनला शाळा काढली. पण तिथं ती डॉक्टरकीत मिसळली नाही. इंग्लंडमध्ये १९९३ च्या कायद्यानं ऑस्टिओपॅथना नोंदणी सक्तीची आहे. ते रीतसर शिकलेले असतात, मात्र ते डॉक्टर नव्हेत, औषध लिहून देत नाहीत, हातांनीच उपचार करतात. युरोपात बव्हंशी असंच आहे. म्हणजे ‘ऑस्टिओपॅथ’ हा शब्द ऐकला की ‘कुठला?’ हे विचारायलाच हवं. आपल्याकडे पाटी लावणारा चांगला शिकलेला फिजिओथेरपिस्ट असू शकतो, ज्यानं पुढं हाताच्या उपचारांचा अभ्यास केलाय. चार दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलाही असू शकतो. पाटी दोघांचीही तीच. तुमच्याजवळच्या पाटीवर बाळांचं रडणं लिहिलंय, एवढ्यावरच माझं मन साशंक होतं.

माझ्या आजोळी कुणाला उसण भरली की पायाळू माणसाला बोलावत. तो उंबऱ्यात उभा राहून कंबरेला पाय लावायचा. कुणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही, उसण बहुतेक वेळा आपोआपच उतरते. पण तुमची गोष्ट तशी नाही, ताई. तुमची हाडं ठिसूळ झालेली आहेत. अशा पाठीला झटका देऊन मणका ‘कडकन’ वाजवला तर तो दबू शकतो, मोडूही शकतो. किंबहुना दोन वर्षांचं तुमचं दुखणं एखादा मणका आधीच दबल्यानं तर नाही ना, हे पाहायला हवं. त्यासाठी पाठीच्या मणक्यांचा साधा एक्स-रे आणि हाडांच्या घनतेचा डेक्सा रिपोर्ट घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. नुसत्या कॅल्शियमवर थांबू नका, हाडं मजबूत करणाऱ्या औषधांबद्दल स्पष्ट विचारा. मग फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या, आणि खाली वाकून बादली उचलणं आजपासून बंद. पायात मुंग्या किंवा लुळेपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, रात्री झोपेतून उठवणारी कळ आली, ताप आला किंवा वजन उतरू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही प्रत्येक ठिकाणी आधी सांगा.

आणि आता पैशांचं. नातीला एक वर्ष थांबायला सांगू नका. हातात आलेला प्रवेश सोडून पुन्हा अर्ज केला, तर पुढची कॉलेजं त्याचा जाब विचारतात. आणि एमडीचा प्रवेश मिळेलच याची हमी कोण देणार? डीओच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांना रेसिडेन्सीची जागा मिळते. एक अडचण मात्र लपवत नाही. मेंदूची शस्त्रक्रिया, प्लास्टिक सर्जरी, त्वचारोग अशा फार चुरशीच्या शाखांत डीओच्या मुलांना अजूनही जास्त झगडावं लागतं. त्यामुळे तिथली कित्येक मुलं आपल्या कॉमलेक्स परीक्षेच्या जोडीला एमडीवाल्यांची यूएसएमएलईसुद्धा देतात. नातीच्या मनात अशी शाखा असेल तर तिनं पहिल्या वर्षीच कॉलेजातल्या सल्लागारांशी बोलावं.

खर्च मोठा आहे, हे दीरांचं खरंच. डीओची बरीच कॉलेजं खासगी आहेत आणि बाहेर पडताना डोक्यावर सरासरी २ लाख डॉलरच्या वर कर्ज असतं. शिवाय १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना तिथल्या सरकारकडून वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच कर्ज मिळणार आहे. त्यापुढचं खासगी बँकेकडून, चढ्या व्याजानं. म्हणून तुमची रक्कम लहान असली तरी तिचा उपयोग होईल. द्या. पण सगळी नको. तुम्ही अडुसष्टच्या आहात, पाठीचं दुखणं आहे. स्वतःच्या औषधपाण्याचं आणि एखाद्या शस्त्रक्रियेचं बाजूला काढून मग उरलेलं द्या. आणि देताना ‘आधी एमडीसाठी बघ’ ही अट जोडू नका. अट जोडलीत की सत्यनारायणाच्या दिवशीचं वाक्य ते पैसे तिला पुन्हा ऐकवतील.

नातीशी बोलताना लेकीला मध्ये घालू नका. तुम्ही स्वतः फोन करा. त्या दिवशी सगळे हसले तेव्हा मी गप्प बसले, ते माझं चुकलं, एवढं सरळ म्हणा. तिची समजूत घालत बसू नका, दीरांची बाजूही मांडू नका. त्यांना बोलायचं असेल तर त्यांनी स्वतः बोलावं. सर्जन आणि पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, दोघांचा जीव शरीररचनेतच असतो, त्यांचं जमेल. तुम्ही तिला त्या लाकडी घरातल्या शाळेविषयी विचारा, तिथं पहिल्या तुकडीत शिकलेल्या बायकांविषयी विचारा. आणि तुमचा एक्स-रे झाला की त्याचा फोटो तिला पाठवून, यातला कुठला मणका कितवा ते मला सांग गं, असं म्हणा. ओहायोत रविवारची सकाळ असते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते. तिला सुट्टी असेल, त्या वेळी लावा.